साडेतीन मिनिटांची शाल

भावना तायडेच्या लोखंडी कपाटात वरच्या फळीवर एक शाल होती. मरून रंगाची, सोनेरी काठाची, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर न आलेली. ती घरी येऊन वर्ष होत आलं होतं. या वर्षात अमरावतीला बऱ्यापैकी थंडी पडून गेली, नात्यातली दोन लग्नं झाली, एकदा तर भावनाला तापाने हुडहुडी भरली आणि नवऱ्याने, म्हणजे नागसेनने, घाईघाईत ती पिशवी बाहेर काढली. तेव्हाही भावना दात वाजवत म्हणाली, "ते नको. चादर द्या."

कारण ती शाल तिची नव्हती. दिली तिलाच होती, अख्ख्या कॉलनीसमोर, नारळासकट. पण ज्या कामासाठी दिली ते काम तिच्या हातून झालंच नव्हतं.

त्याचं असं झालं. शेहेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवून घाबरवल्यावर, भावना सायकल चालवायला लागली, आणि माणूस एकदा पहाटे उठायला लागला की त्याला कोणी ना कोणी शर्यतीत ओढतंच. मागच्या फेब्रुवारीत तिने चाळीस किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये नाव दिलं. बडनेऱ्याच्या पुढे हायवेवरून सुटायचं, कुरूमच्या अलीकडे वळायचं आणि परत यायचं. सगळे एकदम नाही. एकेक जण, मिनिटा-मिनिटाच्या अंतराने. नव्वद मिनिटांच्या आत आलात तर मेडल, नाहीतर केळं.

भावनाला केळं मिळालं. त्र्याण्णव मिनिटं तीस सेकंद.

केळं खाता खाता तिने शेवटच्या कमानीखाली फोटो काढून घेतला आणि, चुकलं ते इथेच, कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. लिहायला काही नव्हतंच. पण खुशालरावांना तेवढं पुरेसं होतं. खुशालराव कॉलनीचे अध्यक्ष, पंचायत समितीतून रिटायर झालेले, आणि काही लोकांना तंबाखूच्या खर्ऱ्याचा नाद असतो तसा त्यांना सत्काराचा नाद. कॉलनीत दहावी पास झालेल्यांचा सत्कार, गुडघा बदलून आलेल्यांचा सत्कार, एकदा तर नळाला मीटर बसवून आणणाऱ्या गृहस्थांचाही झाला होता. संध्याकाळपर्यंत मंडप उभा राहिला. भावना त्यांना गाठून म्हणाली, "भाऊ, त्या मेडलचं जरा सांगायचं होतं."

"मेडल मंग दाखवा ताई. लोक येऊन बसले."

आणि भाषणात त्यांनी सांगून टाकलं की तायडे ताईंनी चाळीस पुरुषांना मागे टाकलं. चाळीस किलोमीटरमधले चाळीस त्यांनी पुरुषांना लावले होते. टाळ्या वाजल्या. खांद्यावर शाल आली.

भावना सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. चुकून जास्त निघालेला पगार कसा वसूल करायचा याचे नियम तिला तोंडपाठ. पण चुकून झालेल्या सत्काराच्या वसुलीचा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. शाल परत कोणत्या तोंडाने करायची? आता एकच रस्ता उरला होता: या वर्षी नव्वदच्या आत यायचं आणि शाल फेडायची.

ही गोष्ट घरात दोघांनाच माहीत. एक नागसेन, आणि दुसरे भावनाचे सासरे डोमाजी.

नागसेन हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्याने प्रश्न हाती घेतला आणि त्या दिवसापासून भावनाच्या हातात तो राहिला नाही. "साडेतीन मिनिटं तुझ्या पायात नाहीत," तो म्हणाला, "हवेत आहेत. तुला टाइम ट्रायलची सायकल पाहिजे." त्या सायकलला म्हणे पुढे दोन दांड्या असतात, त्यांवर कोपरं टेकून, मान खाली घालून, पाठ आडवी करून बसायचं. म्हणजे वारा वरून निघून जातो. चार महिने त्याने व्हिडिओ पाहिले. तेवीस रकान्यांचा तक्ता केला. स्वतः तो दूध आणायलासुद्धा स्कूटरने जातो, पण त्यामुळे त्याच्या मतांना कुठे अडथळा आला नाही.

डिसेंबरात एका रविवारी त्याने डेझर्ट कूलर गच्चीवर चढवला. वाऱ्याचा प्रयोग करायचा होता. भावनाला तिच्या जुन्या सायकलवर बसवलं, सायकल दोन पाटांमध्ये अडकवली, तिच्या पाठीवर लोकरीचे तुकडे चिकटपट्टीने लावले आणि कूलर सुरू केला. तुकडे कसे फडफडतात यावरून वारा कुठे अडतो ते कळणार होतं. नागसेन मोबाइल धरून शूटिंग करत होता. भावना मान खाली घालून कुडकुडत होती.

शेजारच्या गच्चीवर वच्छलाबाई मिरच्या वाळत घालायला आल्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं. शेजारधर्म म्हणून त्या काही बोलल्या नाहीत, खाली जाऊन बोलल्या. संध्याकाळी घरी तीन बाया आल्या. एकीजवळ महानारायण तेल, दुसरीजवळ शेकायची पिशवी. वच्छलाबाईंजवळ शेंदूरजनाघाटच्या एका हाडवैद्याचा पत्ता.

"लपवून ठेवू नको व माय," त्या म्हणाल्या. "मणका सरकला का?"

प्रयोगाचा निष्कर्ष एवढाच निघाला की भावनाचा अंबाडा अकरा सेकंद खातो.

डोमाजी हे सगळं पायरीवर बसून पाहत होते. ऐंशीच्या घरातले. कमी बोलणारे. पहिल्यांदा टाइम ट्रायल म्हणजे काय ते ऐकल्यावर कॉलनीतल्या प्रत्येकाने एकच विचारलं होतं, की एकेकटं सोडते तर मग हरवते कोणाले? डोमाजींनी ते विचारलं नाही. ते म्हणाले, "मंग हा तं पटच झाला."

शंकरपट. डोमाजी जवानीत शंकरपटाचे धुरकरी होते, बैलजोडी हाकणारे. आपल्याकडच्या पटात जोड्या एकमेकींशी भिडत नाहीत. एक जोडी सुटते, घड्याळ चालू होतं. ती पोचते, घड्याळ थांबतं. मग दुसरी. अकरा वर्षं त्यांनी पाटलाची जोडी हाकली. लाउडस्पीकरवर मालकाचं नाव पुकारलं जायचं, बैलांची नावं पुकारली जायची. त्या पाटलाच्या जोडीच्या धुरकऱ्याचं नाव मात्र अकरा वर्षांत एकदाही आलं नाही. हे डोमाजी तक्रार म्हणून सांगत नसत. त्या साली पाऊस कमी झाला, असं सांगावं तसं सांगत.

"सायकल घ्याले मी येतो," ते म्हणाले.

"बाबा, ते तांत्रिक असते," नागसेन म्हणाला.

"असू दे. मी काई बोलत नाई. पायतो फक्त."

अकोल्याला जठारपेठेत अब्दुल सत्तार यांचं सायकलचं दुकान. तिथे टाइम ट्रायलच्या दोन वापरलेल्या सायकली आल्याचं कळलं होतं. बडनेऱ्याहून तिघं रेल्वेने गेले. एक सायकल लालबुंद, मागचं चाक ताटासारखं भरीव, दुकानाच्या काचेत उभी. दुसरी राखाडी, जरा ठेंगणी, दांडीवर रंग उडालेला. ती मागे टायरांच्या ढिगाशेजारी. नागसेनने तक्ता उघडला. तेवीसपैकी एकोणीस रकाने लालच्या बाजूने होते.

डोमाजींनी चप्पल बाहेर काढली. दोन्ही सायकलींभोवती एकेक फेरी मारली. लालच्या दांडीवरून तळवा फिरवला, पुढच्या दोन दांड्या धरून हलवल्या. "शिंगं चांगले हायेत," ते म्हणाले. मग स्टूल मागून रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि बसले. "चालवून दाखव."

भावनाने लाल सायकल गल्लीतून नेली आणि आणली. कोपरं टेकली की ब्रेकपर्यंत हात पोचत नव्हता, आणि हात ब्रेकवर नेला की सायकल ऑटोंच्या रांगेकडे निघायची. एका ऑटोवाल्याने आपली ऑटो गुपचूप मागे घेतली. मग राखाडी. डोमाजी समोरून पाहतच नव्हते. दोन्ही वेळा ती पाठमोरी गेल्यावरच त्यांनी पाहिलं.

"लालवर कंबर डुलते," ते म्हणाले. "बैल मोठा, धुरकरी लहान. हा जिकन, पन तुले सोडून जिकन. भुऱ्यावर बसली तं दोघं एक दिसता."

"पण बाबा, त्याचा रंग उडाला. आणि चाक बघा..."

"रंग पायून बैल घेनारा पोळ्यात मिरवते, नाग्या. पटात नाई."

सत्तारभाईंची मुलगी नाजिया आतून मोजपट्टी घेऊन आली. दुकानात मापं तीच घेते. तिने भावनाचे पाय मोजले, हात मोजले, कंबर किती वाकते ते पाहिलं, लॅपटॉपवर आकडे टाकले आणि म्हणाली, "काका बरोबर सांगून राहिले. लाल छप्पन नंबरची आहे. मॅडमले एकावन्नच बसते."

नागसेनने तक्त्याची घडी केली, मग त्या घडीची घडी केली.

राखाडीच्या सौद्याची वेळ आली तेव्हा डोमाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून सत्तारभाईंच्या हातावर टाकला आणि स्वतःचा हात खाली घातला. सत्तारभाई हसले. "चाचा, माझे वालिद बैलबाजारात दलाल होते. कितने साल बाद देखा ये."

बैलबाजारातला भाव असाच ठरतो, दुपट्ट्याखाली, बोटांवर. बाजूच्याला आकडा कळू द्यायचा नाही. दुपट्टा दोन मिनिटं हलत होता. सत्तारभाई एकदा "तौबा" म्हणाले. डोमाजी एकदा "नाई जमत" म्हणाले. मग दोघांनी हात झटकले आणि चहा मागवला. ज्यांच्या खात्यातून पैसे जायचे ते दोघं परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे. आकडा नागसेनच्या कानात सांगण्यात आला तेव्हा त्याचा चहा बशीतच राहिला. आनंदाने की धक्क्याने, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

येताना सायकल चाकं काढून, चादरीत गुंडाळून, बाकाशेजारी आडवी ठेवली होती. मूर्तिजापूरला चढलेल्या एका म्हाताऱ्या बाईने चादरीकडे पाहून हळूच विचारलं, "लई बिमार हाय का?"

सायकल आली, पण सरकारी नोकराच्या नियमाप्रमाणे कार्यालयाला कळवणं बाकी होतं. भावनाने वाहन खरेदी केल्याचं रीतसर कळवलं. वाहनाच्या नमुन्यात 'इंजिन क्रमांक' असा रकाना होता. तिथे तिने 'निरंक' लिहिलं. आठ दिवसांनी कागद शेरा घेऊन परत आला: 'वाहन इंजिनाशिवाय का खरेदी केले याचा खुलासा करावा.' शेरा मारणारी सीमा तिच्याच पलीकडच्या टेबलावर बसते, रोज तिच्या डब्यातलं लोणचं खाते.

"अगं, सायकल आहे ती. तुला माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे. फाइलला कुठे माहीत आहे?"

भावनाने खुलासा लिहिला: 'इंजिन: अर्जदार स्वतः.' तो मंजूर झाला. फक्त खाली पेन्सिलीने कोणीतरी लिहिलं होतं, 'उत्पादनाचे वर्ष नमूद करावे.'

कॉलनीचा खुलासा याहून अवघड होता. खुशालराव सायकलला तीन फेऱ्या मारून म्हणाले, "स्टँड?"

"नसतं हिला."

"मंग उभी कशी राहते?"

"भिंतीला टेकवून."

"म्हणजे एवढे पैसे देऊन परावलंबी." त्यांना मनापासून वाईट वाटलं. वच्छलाबाईंनी कॅरिअर शोधलं. दळणाचा डबा कुठे ठेवणार हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला खरोखरच उत्तर नव्हतं. घंटी नाही, कुलूप नाही, मडगार्ड नाही. "नवीन घेतली म्हणता," त्या म्हणाल्या, "मंग बाकीचं सामान कधी येनार हाय?"

भावना मात्र रोज पहाटे निघायची. कोपरं टेकवून, मान खाली घालून. आधी मान दुखली, मग खांदे, मग काहीच नाही. जानेवारीच्या शेवटी एकदा नागसेनच्या घड्याळात एक्क्याण्णव मिनिटं आली. उरलं एक मिनिट. वर्षभर कपाटाकडे पाठ करून झोपणारी भावना त्या रात्री कपाटाकडे तोंड करून झोपली.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती भाकरी थापत होती आणि अंगणात डोमाजी सायकलजवळ बसले होते. पटाच्या आधी जोडीला तेल चोळायचं असतं. अंग मोकळं होतं, आणि जनावराला कळतं की आपल्यावर कोणाचा तरी जीव आहे. डोमाजींनी करडीचं तेल कोमट केलं आणि सायकलला चोळलं. दांडीला, शिंगांना, आणि दोन्ही चाकांच्या कडांना तर विशेष प्रेमाने, कारण धावायचं त्यांनाच होतं. सकाळी अंधारात सायकल अशी चमकली की भावनाला भरून आलं. कडांवरच ब्रेक लागतात हे त्या क्षणी आठवण्यासारखं नव्हतं.

सुटायच्या जागी एक माणूस मागून सीट धरून उभा राहतो, पायडलवर दोन्ही पाय ठेवता यावेत म्हणून. पटातही जोडी अशीच धरून ठेवतात. डोमाजींना राहवलं नाही. मोजणी पाचावर असतानाच त्यांनी अशी आरोळी ठोकली की सीट धरणाऱ्याने दचकून हात आणखी घट्ट केला, आणि नागसेनने हातातलं घड्याळ दाबलं.

पहिले वीस किलोमीटर भावनाला आयुष्यात कधी इतकं हलकं वाटलं नव्हतं. रस्ता गुळगुळीत, वारा पाठीवरून निघून जात होता, नागसेनने सांगितला होता अगदी तसा. पुढे एक मिनिट आधी सुटलेला माणूस दिसला, मग मागे गेला. वळणाचा शंकू दिसला. तिने ब्रेक दाबला.

काही झालं नाही. तिने पुन्हा दाबला. करडीचं तेल चांगल्या घाण्याचं होतं.

शंकूपाशी झेंडी घेऊन उभा असलेला स्वयंसेवक म्हणाला, "मॅडम, इथून." भावना म्हणाली, "हो, माहीत आहे," आणि त्याच वेगाने पुढे गेली. शे-दीडशे मीटरवर रस्त्याच्या कडेला तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुसकटाचा, मोठा ढीग होता, कोणीतरी गुरांसाठी रचून ठेवलेला. दुसरं काही सुचलं नाही. तिने त्या ढिगाकडे शिंगं वळवली.

ढिगाने तिला सायकलसकट आत घेतलं. ती बाहेर आली तेव्हा नाकात कुटार, हेल्मेटच्या फटींत कुटार, आणि चाकांच्या कडांना तेलावर कुटार असं चिकटलेलं की तिने मूठभर धरून पुसल्यावर कडा कोरड्या ठणठणीत. ढिगाचा मालक जवळच तोंड धूत होता. त्याने शांतपणे पाहिलं. "ताई, जाच्या आधी जरा सारखं करून जाता का?"

"येताना करते दादा," भावना म्हणाली आणि निघाली. आपण खोटं बोललो हे तिला चार किलोमीटर गेल्यावर लक्षात आलं.

परतीचं तिला फारसं आठवत नाही. वारा समोरून होता. रस्त्याकडे पाहायचं की घड्याळाकडे, हे ठरेना म्हणून तिने शालीकडे पाहिलं: पिशवीत गुदमरलेल्या मरून रंगाच्या शालीकडे. पाय चालत राहिले. कमान आली, लोक आले, आणि सर्वात आधी तिला दिसला तो नागसेनचा चेहरा. तो पडलेला होता.

त्याने घड्याळ दाखवलं. नव्वद मिनिटं, दोन सेकंद.

भावना सायकलवरून उतरली आणि तशीच गवतात बसली. नागसेनने तिच्या अंबाड्यातून कुटाराची एक काडी काढली, मग दुसरी. "अकरा सेकंद अंबाडा," तो पुटपुटला, "आणि हे टोपलंभर वरून." डोमाजी निकालाच्या टेबलाकडे गेले होते. तिथून माइकवरचा आवाज आला: "भावना तायडे. एकोणनव्वद मिनिटं, सत्तावन्न सेकंद."

नागसेनने घड्याळाकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि सकाळची आरोळी त्याला आठवली. पाच सेकंद आरोळीचे होते.

डोमाजी अजून माइकवाल्यापाशीच उभे होते. "भाऊ, पुरं पुकारा," ते सांगत होते. "पटात मालकाचं नाव पुकारते. धुरकऱ्याचं बी पुकाराव."

"म्हणजे काका? सायकल कोणाची आहे?"

"सून हाय माही. मालकीन बी तेच, धुरकरी बी तेच."

माइकवाला तरुण होता, त्याला मजा वाटली. त्याने दोन्ही नावं पुकारली. एकच नाव, दोनदा. डोमाजींनी मान खाली घालून ऐकलं, आणि दुपट्ट्याने जरा जास्तच वेळ चष्मा पुसला.

दुपारी भावना गळ्यात मेडल घालून खुशालरावांच्या दारात उभी राहिली. त्यांनी चष्मा लावून मेडल पाहिलं, उलटून पाहिलं. "छान हाय. पन सत्कार तं झाला ना ताई मागच्याच साली. रजिस्टरात हाय. एका कामाचे दोन सत्कार मले करता येत नाई."

भावना म्हणाली, "भाऊ, मागच्या वर्षी मला मेडल मिळालंच नव्हतं. मला केळं मिळालं होतं."

खुशालरावांनी आत कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "मले मालूम होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "फोटोत हातात केळंच होतं तुमच्या, गळ्यात काईच नाई. पन मंडपवाला येऊन खांब गाडून राहिला होता. म्हटलं, बाई मेहनती हाय, एखाद्या सालात करनच."

वर्षभराचं ओझं असं एका वाक्यात उतरलं.

घरी येऊन तिने कपाट उघडलं. आता ती शाल अंगावर घ्यायला हरकत नव्हती. पिशवी होती. आत शाल नव्हती.

अंगणात भिंतीला टेकून भुऱ्या उभा होता. त्याच्या पाठीवर, शिंगांपासून मागच्या चाकापर्यंत, ती मरून शाल झुलीसारखी नीट पांघरलेली होती, सोनेरी काठ दोन्हीकडून सारखा लोंबत होता. डोमाजी शेजारी बसून चाकातून कुटाराच्या काड्या वेचत होते.

"मामाजी," भावना म्हणाली, "ती सत्काराची शाल आहे."

"मालूम हाय," डोमाजी म्हणाले. त्यांनी काठ जरा पुढे ओढून घेतला. "पन घामाजलेल्या जनावराले वारं लागू देत नसते."